किलो, ग्रॅम, एमएल, चौरस फूट: वजनमापं आणि त्यांच्या पुढची छोटी अक्षरं नीट कशी वाचायची

किराणा दुकान असो, औषधाची बाटली असो नाहीतर फ्लॅटचं ॲग्रीमेंट, आपण आकडा बरोब्बर वाचतो आणि त्याच्या पुढची एक-दोन अक्षरं सोडून देतो. खरी गोम तिथेच असते. ५०० दिसलं की डोक्यात अर्धा किलो येतं, पण ते ५०० ग्रॅम आहे, ५०० एमएल आहे की ५०० एमजी, यावर सगळं ठरतं. आणि मुंबईत तर एकाच दिवसात आपण दूध लिटरने घेतो, रिक्षावाला सीएनजी किलोने भरतो, भाजी पावाने येते, केळी डझनने, बोंबील वाट्याने, कापड मीटरने, सोनं हिशोबाला ग्रॅमने आणि बोलायला तोळ्याने, घर चौरस फुटाने, पाऊस मिलिमीटरने. एवढी सगळी मापं रोज हाताखालून जातात आणि तरी नीट कोणी बसून समजावलेलं नसतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली पायरी: मोजतोय काय ते आधी ठरवा

कुठलंही माप समोर आलं की पहिला प्रश्न एकच, हे वजन आहे का आकारमान (म्हणजे जागा किती व्यापते ते), लांबी आहे का क्षेत्रफळ, की नुसते नग मोजलेत. ग्रॅम, किलो, क्विंटल, टन हे वजन. मिलिलिटर, लिटर, घनफूट हे आकारमान. मिलिमीटर, इंच, फूट, मीटर, वार ही लांबी. चौरस फूट, चौरस मीटर, गुंठा, एकर, हेक्टर हे क्षेत्रफळ. डझन, नग, जुडी, पेटी ही मोजणी. पाकिटावर आकड्यापुढे नुसता इंग्रजी एन किंवा यू असेल तर तो पण नगच, आतल्या वस्तूंची संख्या.

हे एवढं का सांगतोय तर एका जातीचं माप दुसऱ्या जातीत थेट बदलत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो हे फक्त पाण्याच्या बाबतीत जवळजवळ खरं आहे. दूध लिटरला साधारण १.०३ किलो भरतं, खाण्याचं तेल लिटरला साधारण ९१० ग्रॅमच भरतं. त्यामुळे समजा तेलाचं एक लिटरचं पाउच १५० रुपयांना आहे आणि शेजारी एक किलोचं १५८ ला, तर बघताक्षणी लिटरवालं स्वस्त वाटतं, पण त्यात ९१० ग्रॅमच तेल आहे, म्हणजे किलोला जवळपास १६५ रुपये पडले. म्हणूनच तेलाच्या पाउचवर एमएल आणि ग्रॅम दोन्ही छापलेलं असतं, दोन्ही बघा आणि किलोच्या भावाने तुलना करा. आईस्क्रीमचं तर आणखीनच, तो डबा एमएलमध्ये विकतात आणि त्यात हवा फेटलेली असते, नियमाप्रमाणे लिटरला कमीत कमी ५२५ ग्रॅम वजन भरलं की चालतं. म्हणजे ७०० एमएलचा डबा पावणेचारशे ग्रॅमच्या आसपासचा असू शकतो. दोन कंपन्यांच्या डब्यांची तुलना करायची असेल तर डबा हातात घेऊन वजन बघितलेलं बरं.

दुसरी पायरी: किलो, सेंटी, मिली पाठ करा, बाकी आपोआप येतं

मेट्रिक पद्धतीचं चांगलं काय तर उपसर्ग सगळीकडे तेच. किलो म्हणजे हजार पट, सेंटी म्हणजे शंभरावा भाग, मिली म्हणजे हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. हे ग्रॅमला लावा, मीटरला लावा, लिटरला लावा, अर्थ बदलत नाही. किलोग्रॅम हजार ग्रॅम, किलोमीटर हजार मीटर, किलोलिटर हजार लिटर. सोसायटीच्या पाण्याच्या बिलात वापर किलोलिटरमध्ये असतो तो हाच.

मोठ्या वजनाला १०० किलोचा क्विंटल आणि १००० किलोचा टन. वाशीच्या मार्केटचे कांदा-बटाट्याचे भाव पेपरात क्विंटलला दिलेले असतात, दोन शून्यं काढली की किलोचा घाऊक भाव आला. २४०० रुपये क्विंटल म्हणजे २४ रुपये किलो. तुमच्या गल्लीतल्या भावाशी तुलना करताना मध्ये हमाली, वाहतूक, खराब माल हे सगळं धरायला लागतं, पण निदान सुरुवात कुठून झाली ते कळतं.

एक टन मात्र वेगळा आहे, एसीचा. दीड टनचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा नाही, ते थंड करायच्या ताकदीचं माप आहे, एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एक माप), साधारण साडेतीन किलोवॅट. आणि विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, हजार वॅटची वस्तू एक तास चालवली की एक युनिट. आता हे साडेतीन किलोवॅट म्हणजे खोलीतून बाहेर फेकलेली उष्णता, तेवढी वीज एसी खात नाही, वीज त्यापेक्षा बरीच कमी लागते, तो आकडा एसीच्या लेबलवर वेगळा दिलेला असतो.

तिसरी पायरी: अक्षरं कशी लिहितात, कशी वाचतात

इंग्रजीत लिहिताना किलोग्रॅमचे के आणि जी दोन्ही छोटे. मोठा के हे केल्विनचं चिन्ह आहे, तापमानाचं. ग्रॅमसाठी फक्त छोटा जी, जीएम किंवा जीएमएस हे बिलांवर सर्रास दिसतं पण प्रमाण रूप नाही. पुढे टिंब द्यायचं नाही, अनेकवचनाचा एस लावायचा नाही, पाच केजी असो नाहीतर पन्नास केजी, चिन्ह तेच. आकडा आणि चिन्ह यांच्यात एक जागा मोकळी सोडायची. लिटरला छोटा एल किंवा मोठा एल दोन्ही चालतात, मी तर म्हणेन मोठाच लिहा, कारण छोटा एल हाताने लिहिला की १ या आकड्यासारखा दिसतो आणि १ एल चे ११ होतात.

छोटा आणि मोठा हा फरक नुसता शुद्धलेखनाचा नाही. छोटा एम उपसर्ग म्हणून आला की मिली, मोठा एम आला की मेगा म्हणजे दहा लाख पट, दोघांत शंभर कोटी पटीचा फरक. इंटरनेटच्या प्लॅनमध्ये पण हेच, एमबीपीएसमधला बी छोटा असतो तेव्हा ते बिट असतात, फाइलच्या साइजमधला बी मोठा म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोडचा आकडा सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर जात नाही, त्यात कोणी फसवलेलं नसतं.

मराठीत लिहिताना किग्रॅ, ग्रॅ, मिग्रॅ, लि, मिलि, किमी, मी, सेंमी, मिमी, चौमी, घमी अशी रूपं दिसतात, कुणी मध्ये टिंबं देतं कुणी देत नाही. फक्त ह्रस्व-दीर्घ सांभाळा. नुसता मि म्हणजे बहुतेक वेळा मिनिट, मी म्हणजे मीटर, आणि घाईत लिहिलेल्या चिठ्ठीत ५ मि आणि ५ मी हे खरंच उलटंपालटं होतं. शंका असेल तिथे पूर्ण शब्द लिहा, चार अक्षरं जास्त गेली तर काही बिघडत नाही.

परदेशी मालावर एलबी दिसलं तर पाउंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम. ओझेड म्हणजे औंस, २८.३५ ग्रॅम. पण त्याच्या आधी एफएल असेल तर तो फ्लुइड औंस, म्हणजे आकारमान, अमेरिकेतला साधारण २९.६ एमएल. केक ऑर्डर करताना पाउंड आणि अर्धा किलो एकच समजू नका, पाउंडचा केक ४५४ ग्रॅमचा आणि अर्ध्या किलोचा ५०० चा, भाव विचारताना दोन्ही दुकानांत एकच माप विचारा.

चौथी पायरी: किराणा, भाजी आणि जुनी मापं

पाव म्हणजे २५०, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, अडीच २५०० ग्रॅम हे सगळ्यांना येतं. पाकीटबंद मालात मात्र हल्ली दोन गोष्टी बघा. एक म्हणजे नेट क्वांटिटी, वेष्टन वगळून आतल्या मालाचं वजन. दुसरी युनिट सेल प्राइस, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडले. एक किलोच्या आतल्या पाकिटावर तो दर ग्रॅमला असतो, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोला. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हा समज या एका ओळीने तपासता येतो, खूपदा छोटंच परवडतं. पाच-दहा रुपयांच्या पाकिटात किंमत तीच राहते आणि ग्रॅम कमी होत जातात, तेही इथेच पकडता येतं.

जुडी, वाटा, पेटी ही ठरलेली मापं नाहीत, तिथे डोळ्याने बघूनच घ्यायचं. मेथीची जुडी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये सारखी नसते. हापूसची पेटी घेताना आत चार डझन आहेत की सहा हे विचारा, मग एका फळाचा भाव काढा, आणि शक्य असेल तर एक-दोन फळं काट्यावर ठेवा, कारण दीडशे ग्रॅमचा आंबा आणि पावणेतीनशे ग्रॅमचा आंबा डझनात सारखेच मोजले जातात.

आता घरोघरी जुन्या वह्या असतात ना, मसाल्याच्या, लाडवांच्या, त्यातल्या मापांबद्दल. आपल्याकडे मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्याच्या आधी शेर होता, आणि त्या वह्या त्याच हिशोबाने लिहिल्यात. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३ ग्रॅम. छटाक म्हणजे पाच तोळे, ५८ ग्रॅम. तोळा ११.६६ ग्रॅम. चाळीस शेरांचा मण, ३७.३२ किलो. लालबागच्या मसाला गल्लीत यादी घेऊन जाताना बरेच जण पावशेरचे २५० ग्रॅम करतात आणि तोळ्याचे १०, झालं, धणे सात टक्के वाढले आणि दगडफूल, जायपत्री, नाकेशर चौदा टक्के कमी झालं, मग आजीच्या मसाल्याची चव येत नाही म्हणून मिरचीला दोष. पूर्ण यादी एकाच हिशोबाने बदला, तोळ्याला ११.६६ ने गुणा आणि जवळच्या ग्रॅमला आणा, प्रमाण तसंच राहतं.

त्याच वहीत चिपटं, मापटं, पायली असेल तर जास्त सांभाळा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, पण ही सगळी भरायची मापं आहेत, वजनाची नाहीत. हा शेर आणि वरचा काट्यावरचा शेर वेगळा. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर पोहे यांचं वजन एकसारखं कसं असेल? इथे घरातलं कुठलंही एकच भांडं धरा आणि त्याच्याच पटीत सगळं घ्या. वाटीचंही तसंच, वाटी हे ठरलेलं माप नाही, पण पूर्ण पदार्थाला एकच वाटी वापरली तर काम भागतं.

बेकिंगला मात्र वाटी चालत नाही. तिथला कप २४० एमएलचा, टेबलस्पून १५ एमएलचा, टीस्पून ५ चा. रेसिपीत टीबीएसपी म्हणजे टेबलस्पून, टीएसपी म्हणजे टीस्पून, मधला एक बी वाचायचा राहिला की बेकिंग सोडा तिप्पट पडतो आणि केक कडू होतो. एक कप मैदा साधारण १२५ ग्रॅम, एक कप साखर २०० ग्रॅम, पाणी २४०. कप तोच, वजनं तीन. क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मापाचे चमचे मिळतात, ते घ्याच, आणि परवडत असेल तर एक-एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या.

पाचवी पायरी: औषधं, इथे घाई नको

बाकी सगळीकडे चुकलं तर पैसे जातात, इथे जिवावर बेतू शकतं, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

एक ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. एमजी आणि एमसीजी यात एक सी चा फरक, पण हजार पट. थायरॉइडच्या गोळ्या २५, ५०, १०० अशा एमसीजीमध्ये असतात, ५० एमसीजी म्हणजे ०.०५ एमजी. कुणी फोनवर सांगताना थायरॉइडची पन्नास एमजी आण असं म्हणालं तर पाकिटाचा फोटो मागवा. व्हिटॅमिन डीवर आययू लिहिलेलं असतं, ते वजन नाही, औषधाच्या परिणामावरून ठरवलेलं एकक आहे आणि प्रत्येक औषधाला त्याचा हिशोब वेगळा. व्हिटॅमिन डीसाठी ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणून ६०,००० आययूचं पाकीट म्हणजे फक्त दीड मिलिग्रॅम, आकडा केवढा आणि औषध केवढं.

लहान मुलांचं तापाचं औषध सगळ्यात जास्त सांभाळायचं. पॅरासिटामॉलचं सिरप ५ एमएलमध्ये १२० एमजी असं मिळतं, तेच ५ एमएलमध्ये २५० एमजी असंही मिळतं, आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स १ एमएलमध्येच १०० एमजी असतात. म्हणजे ड्रॉप्सची बाटली पाच एमएल दिली तर ५०० एमजी गेलं, साध्या सिरपच्या चौपटीहून जास्त. बाटलीवर तिरकी रेघ असते ना, एमजी रेघ एमएल, ती रेघ म्हणजे इतक्या एमएलमध्ये इतकं औषध. डॉक्टरने एमएलमध्ये सांगितलं असेल तर कुठल्या ताकदीच्या बाटलीतले एमएल हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि केमिस्टने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर त्याला तिथेच ताकद जुळवून दाखवायला सांगा. मोजायला बाटलीबरोबर आलेलं टोपण किंवा सिरिंज वापरा, घरातला चमचा नको, घरातले चमचे तीन एमएलचेही असतात आणि सातचेही.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात हे सगळ्यांना माहीत हवं. आपल्याकडे कुपी म्हणजे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति एमएलची असते आणि पेनमधलं इन्सुलिन १०० युनिट प्रति एमएलचं. सिरिंजही दोन, ४० वाली लाल टोपीची, १०० वाली नारिंगी टोपीची. १०० चं इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर १० ऐवजी २५ युनिट जातात, साखर धाडकन खाली येते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून दुकानात सिरिंज घेताना व्हायल बरोबर न्या आणि दोन्हींवरचा आकडा जुळवा. युनिट हा शब्द कागदावर पूर्ण लिहा, नुसता यू नको, घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात.

रिपोर्टवर साखर एमजी प्रति डीएल अशी असते, डीएल म्हणजे डेसिलिटर, १०० एमएल. परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या रिपोर्टमध्ये ५.५ दिसलं तर घाबरू नका, ते मिलिमोल प्रति लिटर, १८ ने गुणा, ९९ आले.

सहावी पायरी: सोनं

झवेरी बाजारात तोळा म्हटलं की आज सगळे १० ग्रॅमच धरतात आणि भावही १० ग्रॅमचाच छापून येतो. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा, १२ मासे, मासा ८ गुंजांचा. त्यामुळे जुन्या कागदात तीन तोळ्यांच्या पाटल्या लिहिल्या असतील आणि काट्यावर ३५ ग्रॅम भरल्या तर ते बरोबर आहे, आणि ३० भरल्या तर विचारायला हवं. दुकानात ग्रॉस आणि नेट हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या, ग्रॉसमध्ये खडे, मोती, लाख सगळं येतं, सोन्याचा भाव नेटवर लागतो.

कॅरेट दोन आहेत. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, २४ पैकी किती. २२ कॅरेट म्हणजे ९१६, १८ कॅरेट म्हणजे ७५०, हॉलमार्कमध्ये हेच आकडे असतात आणि सोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, एक कॅरेट २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. जगातला सोन्याचा भाव औंसमध्ये येतो तो ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम, किराणातल्या २८.३५ चा नाही.

सातवी पायरी: कापड, पाइप, वायर

हे पटकन. वार म्हणजे ०.९१४ मीटर, नऊवारी म्हणजे ८.२३ मीटर. मंगलदास मार्केटमध्ये कापड घेताना मीटरचा भाव विचारायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, ४४ इंची पन्ह्याच्या अडीच मीटरमध्ये जे बसतं ते ५८ इंचीत कमी मीटरमध्ये बसतं. सुतार, फॅब्रिकेटर सूत म्हणतात, आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिमी. प्लायची जाडी मिमीमध्ये असते आणि शीटची लांबी-रुंदी फुटांत, ८ बाय ४. वायरीवर २.५ चौरस मिमी लिहिलेलं असतं ती आतल्या तांब्याच्या छेदाची मापं, बाहेरच्या प्लॅस्टिकसकट जाडी नाही. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा, २.८३ घनमीटर.

आठवी पायरी: घर आणि जमीन

मुंबईत एक चौरस फूट केवढ्याला जातो ते सांगायला नको, म्हणून इथे दशांश चिन्हसुद्धा महाग पडतं. एकच आकडा पाठ करा, १०.७६४. चौरस मीटरला याने गुणलं की चौरस फूट, चौरस फुटाला भागलं की चौरस मीटर. कागदपत्रांत ४६.४५ चौमी हा आकडा दिसतो तो ५०० चौरस फूट, मुंबईत मालमत्ता कर माफीची मर्यादा आणि बीडीडी चाळीच्या पुनर्विकासातलं घर, दोन्हीकडे हाच. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या घराचं ३०० चौरस फूट म्हणजे २७.८८ चौमी.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर चौरस मीटरला असतो आणि आपण बोलतो चौरस फुटाला. १,६१,४६० रुपये रेकनर दर बघून डोळे विस्फारतात, पण १०.७६४ ने भागलं की १५,००० रुपये चौरस फूट. दोन दर समोर ठेवायच्या आधी माप एक करा, नाहीतर चर्चेलाच अर्थ नाही.

क्षेत्रफळ कुठलं हे पण विचारा. रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंतींची जाडी त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी धरत नाहीत. बिल्टअप, सुपर बिल्टअप हे शब्द अजून बोलण्यात येतात, ऐकून घ्या आणि रेरा कार्पेट चौरस मीटरमध्ये किती एवढंच लिहून मागा.

स्वतः टेपने मोजत असाल तर एक चूक हमखास होते. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ फूट नाही, १०.५ फूट, कारण फुटाचे इंच १२ असतात. समजा खोली १० फूट ६ इंच बाय ९ फूट ९ इंच आहे. बरोबर हिशोब १०.५ गुणिले ९.७५, म्हणजे १०२.४ चौरस फूट. चुकीचा १०.६ गुणिले ९.९, म्हणजे १०४.९. अडीच चौरस फुटांचा फरक, २५,००० च्या भावाने साठ हजारांच्या वर, आणि तो पण एकाच खोलीत. इंच दिसले की १२ ने भागा, किंवा सरळ सेंटिमीटरच्या बाजूने मोजा, तिथे हा घोळच नाही. आणि चार फूट चौरस म्हणजे चार बाय चार, १६ चौरस फूट, चार चौरस फूट नाही, टाइल्सवाल्याला सांगताना हे जपा.

गावच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे १०० चौमी, १०० आर म्हणजे हेक्टर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौमी. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे आहेत पण एकच नाहीत. ४० गुंठ्यांचा एकर, आणि हेक्टर म्हणजे २.४७ एकर. सातबाऱ्यावर ०.२०.०० असेल तर २० आर, पावणेवीस गुंठे.

पाऊस आणि तलाव, आपला रोजचा विषय

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९२.९ चौमी, १०० मिमी पावसात तिच्यावर ९,२९० लिटर पडतं, दहा हजार लिटरचा टँकर भरत आला की. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिमीच्या पुढे जोरदार म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला, तो या पट्टीवर ठेवून बघा म्हणजे त्या दिवसाची कल्पना येते.

तलावांचा साठा पालिका दशलक्ष लिटरमध्ये देते, भातसा, तानसा, मोडकसागर वगैरे सातही तलाव भरले की साधारण १४.४७ लाख दशलक्ष लिटर. कोयनेची बातमी मात्र टीएमसीमध्ये येते, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, २८,३१७ दशलक्ष लिटर. त्या हिशोबाने मुंबईचे सातही तलाव मिळून ५१ टीएमसी, एकट्या कोयनेची क्षमता १०५ च्या वर.

शेवटची पायरी: काटा तपासणं

इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक पट्टी असते, त्यावर मॅक्स, मिन आणि छोटा ई असे तीन आकडे असतात. मॅक्स ३० केजी, मिन १०० जी, ई ५ जी असं असेल तर हा काटा १०० ग्रॅमच्या खालचं मोजायला नाहीच, आणि पाच-पाच ग्रॅमने उडी मारतो. अशा काट्यावर वीस ग्रॅम वेलदोडे किंवा पाच ग्रॅम केशर घेऊ नका, छोटा काटा काढायला सांगा.

माल ठेवायच्या आधी डिस्प्लेवर शून्य आहे ना बघा. परडी किंवा डबा ठेवून टेअर, म्हणजे भांड्याचं वजन वजा करणारं बटण, दाबायला सांगा. मिठाईच्या दुकानात बॉक्सचं वजन मिठाईत धरायचं नसतं, रिकामा बॉक्स ठेवून शून्य करून मगच पेढे भरायचे, हा तुमचा हक्क आहे आणि मागायला लाजू नका. संशय आला तर पिशवीतलं मिठाचं एक किलोचं सीलबंद पाकीट काट्यावर ठेवा, एक किलो आणि वर वेष्टनाचे चार-पाच ग्रॅम दिसायला हवेत. लोखंडी वजनं असतील तर मागे शिशाच्या भागावर वैधमापन शास्त्र विभागाची मुद्रा बघा, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला हवं.

सिलिंडर घेताना त्यावर रंगवलेलं रिकाम्या टाकीचं वजन वाचा, त्यात १४.२ मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. १५.३ लिहिलं असेल तर २९.५ किलो. डिलिव्हरीवाल्याकडे वजनकाटा असायलाच हवा, तो सील तोडायच्या आधी लावून घ्या.

वजन कमी भरलं आणि दुकानदार ऐकत नसेल तर माल परत देऊ नका. बिल घ्या, काट्याचा आणि पाकिटावरच्या नेट क्वांटिटीचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्या, मराठीत बोलता येतं. तक्रारीत थोडं कमी वाटलं असं न लिहिता, १ किलो मागितलं, ९२० ग्रॅम भरलं, काट्याचा ई ५ ग्रॅम, असं आकडा आणि एकक दोन्ही देऊन लिहा.